अवघं एकवीस वर्षांचं आयुष्य

डिसेंबर महिना आला की शाळाशाळांमधून गॅदरिंगची धामधूम सुरू होते. देशभक्तीच्या गाण्यावर चिमुरडी पोरं फौजी कपडे घालून नाचतात, पुठ्ठ्याच्या बंदुका खांद्यावर घेऊन कवायत करतात आणि आपण आया समोर बसून कौतुकाने टाळ्या वाजवतो. याच महिन्यात १६ तारखेला विजय दिवस येतो. १९७१ साली या दिवशी ढाक्यात पाकिस्तानच्या सुमारे ९३ हजार लोकांनी शरणागती पत्करली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. हे सगळं आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. पण त्याच दिवशी सकाळी, ढाक्यापासून शेकडो कोस दूर, पश्चिमेच्या सीमेवर एकवीस वर्षांचा एक मुलगा पेटलेल्या रणगाड्यात बसून शेवटपर्यंत लढला आणि गेला. हा मुलगा युद्धापूर्वी आपल्या नगरमध्ये शिकत होता, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

त्याचं नाव सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. परमवीर चक्राचा त्या वेळचा सर्वांत लहान मानकरी. पुढे १९९९ च्या कारगिल युद्धात ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांना एकोणिसाव्या वर्षी हा सन्मान मिळाला, तोपर्यंत हा मान अरुणचाच होता. मैत्रिणींनो, एवढ्या मोठ्या वीराला मी अरेतुरे करते आहे, याचा राग मानू नका. त्याचं वय पाहिलं की 'ते' म्हणवतच नाही. आपल्या घरात कॉलेजला जाणारा, आल्या आल्या दप्तर फेकून भूक लागली म्हणणारा जो मुलगा असतो ना, त्याच वयाचा तो होता.

अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, आणि तोही आपल्या पुण्यातला. घराणं मात्र मूळचं पंजाबातल्या सरगोध्याचं. फाळणीत सरगोधा पाकिस्तानात गेलं आणि लाखो कुटुंबांप्रमाणे खेत्रपालांनाही आपली माती सोडून इकडे यावं लागलं. वडील मदनलाल खेत्रपाल सैन्याच्या इंजिनिअर्स विभागात अधिकारी होते, पुढे ते ब्रिगेडियर झाले. सैनिकी पेशा या घरात वडिलांपासून सुरू झाला असंही नाही. अरुणचे पणजोबा शिखांच्या खालसा फौजेतून चिलियांवालाच्या लढाईत इंग्रजांशी लढले होते. आजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात होते आणि वडिलांनी दुसरं महायुद्ध पाहिलं होतं. म्हणजे अरुण चौथ्या पिढीचा सैनिक. आपल्याकडे कसं, आजोबांची वहिवाट वडील चालवतात आणि वडिलांची मुलगा, तसंच हे.

आईचं नाव महेश्वरी. फौजी अधिकाऱ्याच्या बायकोचा संसार म्हणजे पाठीवरचं बिऱ्हाड. दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली. भिंतीवर खिळा ठोकावा, पडदे शिवावेत, शेजारणीशी जरा सूर जुळावा, की लगेच ट्रंका बाहेर काढायच्या. नवरा सीमेवर आणि घर, मुलं, आजारपणं सगळं बाईच्या अंगावर. अशाच घरात अरुण आणि त्याचा धाकटा भाऊ मुकेश वाढले. युद्धाच्या गोष्टी या मुलांना पुस्तकात शोधाव्या लागल्या नाहीत, त्या घरातच जेवणाच्या वेळी निघत असणार.

अरुणचं शालेय शिक्षण हिमाचलमधल्या सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये झालं. अभ्यासात चांगला, खेळात पुढे, पोहण्यात तरबेज. १९६७ च्या जूनमध्ये, वयाची सतरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत म्हणजे आपल्या एनडीएत दाखल झाला. जन्मगावाजवळच तो परत आला म्हणायचं. तिथे फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनमध्ये तो होता आणि शेवटी त्या स्क्वाड्रनचा कॅडेट कॅप्टनही झाला. तिथून डेहराडूनची मिलिटरी अकादमी, आणि १३ जून १९७१ ला खांद्यावर अधिकाऱ्याचा पहिला तारा. रेजिमेंट मिळाली १७ पूना हॉर्स.

या रेजिमेंटचं नावच पुण्याचं. १८१७ साली, पेशवाईच्या अखेरीस पुण्यात उभं राहिलेलं हे घोडदळ. काळ बदलला, घोडे गेले आणि त्यांच्या जागी रणगाडे आले, पण नाव पूना हॉर्सच राहिलं. अजूनही त्यातल्या जवानाला सवारच म्हणतात. १९६५ च्या युद्धात याच रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी फिल्लोराच्या लढाईत अतुल पराक्रम केला होता. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले तारापोर १६ सप्टेंबर १९६५ ला धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अरुण ज्या पलटणीत गेला तिथे ही आठवण अवघी सहा वर्षांपूर्वीची होती. तारापोर साहेबांच्या हाताखाली लढलेली माणसं तिथे रोज भेटत होती. विशीतल्या मुलाच्या मनावर अशा गोष्टींचा केवढा परिणाम होतो, ते आपण आया जाणतो.

आता आपल्या नगरचा संबंध. आज जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण फौजी लोकांच्या तोंडी नगर म्हटलं की रणगाडेच येतात. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल सुरू झालं. भारतीय सैन्यात रणगाडा चालवणारा, त्याची तोफ डागणारा जो कुणी तयार होतो, त्याचा पाया इथे घातला जातो. भिंगारच्या बायाबापड्यांना रणगाड्यांची घरघर काही नवी नाही. के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आसपासच्या गावांतली घरं हादरतात, आणि लोक मान वर न करता आपलं काम करत राहतात. तर नव्याने अधिकारी झालेल्या तरुणांचा एक अभ्यासक्रम इथे असतो, यंग ऑफिसर्स कोर्स म्हणतात त्याला. १९७१ साली अरुण त्याच कोर्ससाठी नगरला आला होता. इथल्याच धुळीत, इथल्याच माळावर तो रणगाड्याची लढाई शिकत होता.

तिकडे पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे महिनोन् महिने भारतात येत होते. युद्ध होणार हे दिसतच होतं. कोर्स अर्धवट राहिला आणि पोरांना आपापल्या रेजिमेंटला बोलावणं आलं. अरुण नगरहून निघाला. जम्मूकडे जाताना वाटेत दिल्लीत घरी थांबला. आईने सामान पाहिलं तर त्यात गोल्फच्या काठ्या आणि समारंभात घालायचा निळा गणवेश! युद्धाला निघालेल्या मुलाच्या सामानात हे कशाला, असं कुठल्याही आईला वाटेल. त्यावर त्याचं म्हणणं असं की लाहोरला गोल्फ खेळायचं आहे, आणि विजयानंतर मेजवानी होईलच, तेव्हा हा गणवेश लागेल. बघा ना, हे वयच असं असतं. आपण हरू, आपल्याला काही होईल, हे मनाला शिवतच नाही.

आणि आई? आईने त्याला निरोप देताना जे सांगितलं ते पुढे अनेकांनी लिहून ठेवलं आहे. तुझे आजोबा शूर होते, वडील शूर आहेत, तूही वाघासारखा लढ, पाठ दाखवून परत येऊ नकोस, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. वाचायला सोपं वाटतं. पण पोटचा गोळा दारात उभा असताना असं बोलायला काळीज किती घट्ट करावं लागलं असेल! आपली पोरं साधी पुण्या-मुंबईला नोकरीला निघाली तरी एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत आपण रस्त्यावर उभ्या राहतो आणि घरात येऊन पदराने डोळे पुसतो.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटलं. पूर्वेला सैन्य ढाक्याच्या दिशेने निघालं. पश्चिमेला शकरगढचा भाग फार नाजूक. जम्मूला जाणारा रस्ता तिथून अगदी जवळ. शत्रूने तो तोडला असता तर जम्मू-काश्मीरकडची वाट बंद झाली असती. म्हणून आपल्या सैन्यानेच पुढे जाऊन लढायचं ठरवलं. मध्ये बसंतर नावाची नदी होती, आणि नदीच्या दोन्ही अंगांना शत्रूने जमिनीत सुरुंग पेरून ठेवलेले. आपल्या शेतात पाऊल टाकावं आणि खाली काय पुरलंय याचा पत्ता नसावा, अशी ती जमीन.

१५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने नदीपलीकडे पाय रोवले. इंजिनिअर्सचे जवान अंधारात, थंडीत सुरुंग काढून रणगाड्यांसाठी वाट करत होते. पण काम अर्ध्यावर असतानाच पुढून निरोप आला की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसते आहे, लवकर मदत पाठवा. पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग होते. सुरुंग निघेपर्यंत थांबायचं तर पलीकडचं पायदळ चिरडलं जाणार. रणगाडे तशाच सुरुंगांनी भरलेल्या जमिनीतून पुढे घालायचं ठरलं, आणि ते पार झालेही.

१६ तारखेची सकाळ. आठच्या सुमाराला धुराचा पडदा करून त्याच्या आडून पाकिस्तानचे रणगाडे जरपाल गावाजवळ चाल करून आले. १३ लान्सर्स ही त्यांची नावाजलेली रेजिमेंट, आणि रणगाडे अमेरिकी बनावटीचे पॅटन. त्यांची संख्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथल्या आपल्या स्क्वाड्रनने रेडिओवरून मदत मागितली. अरुण दुसऱ्या स्क्वाड्रनमध्ये होता. हाक ऐकताच तो आपला रणगाडा घेऊन निघाला. कुणी त्याचं नाव घेऊन बोलावलं नव्हतं. शेजारच्या घराला आग लागली की आपण बादली घेऊन धावतो, तसा तो धावला.

वाटेतच शत्रूच्या काही ठाण्यांवरून त्याच्यावर मारा झाला. त्याच्या तुकडीतल्या एका रणगाड्याचा कमांडर तिथेच पडला. अरुण थांबला नाही. त्याने थेट त्या ठाण्यांवर चाल केली आणि पिस्तुलाच्या धाकावर तिथले सैनिक पकडले. मग पुढे जाऊन आपल्या लोकांना मिळाला. त्याच्या सोबत कॅप्टन मल्होत्रा आणि लेफ्टनंट अहलावत यांचे रणगाडे होते. म्हणजे त्या टापूत आपले तीन, आणि समोरून रणगाड्यांचा आख्खा स्क्वाड्रन येतो आहे.

रणगाड्याचं युद्ध आपल्याला सिनेमात भव्य दिसतं. खरं तर आत चार माणसं एका लोखंडी पेटीत कोंबलेली असतात. एक चालवणारा, एक तोफ डागणारा, एक गोळे भरणारा आणि रेडिओ सांभाळणारा, आणि चौथा कमांडर. आत इंधनाचा आणि दारूचा वास, कानठळ्या बसवणारा आवाज, भोवती रचलेले तोफगोळे. बाहेरून एक गोळा वर्मी लागला तर पेटी पेटते आणि बाहेर पडायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके क्षण मिळतात. अरुणच्या रणगाड्याचं नाव होतं 'फामागुस्ता'. सेंच्युरियन जातीचा, पन्नास टनांच्या आसपास वजनाचा तो रणगाडा.

घनघोर लढाई झाली. शत्रूचे दहा रणगाडे तिथे निकामी झाले. त्यांतले चार एकट्या अरुणने टिपले, असं त्याच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंदवलेलं आहे. पण आपल्याकडेही किंमत मोजावी लागलीच. अहलावत जखमी झाले. मल्होत्रांच्या रणगाड्याची तोफ बिघडली. उरला अरुण. आणि त्याच्याही रणगाड्याला गोळा लागून आग लागली. रेडिओवरून वरिष्ठांचा हुकूम आला की रणगाडा सोडून बाहेर पड. त्यावर त्याने कळवलं की आपली तोफ अजून चालते आहे, आणि जोवर ती चालते तोवर आपण इथून हलणार नाही.

या ठिकाणी मी नेहमी थबकते. हुकूम मोडला का त्याने? वरवर पाहिलं तर मोडला. पण त्या क्षणी त्याला दिसत होतं की आपण हटलो तर या जागेवर आडवं यायला दुसरं कुणीच नाही, आणि मागे नदीपलीकडून आलेलं आपलं पायदळ आहे. त्याच्या मागे उभी असलेली ती माणसं कोण होती? कुणाचे नवरे, कुणाचे भाऊ, कुणाचे बाप. त्यांच्यातला एकही त्याच्या नात्याचा नव्हता. सहा महिन्यांची नोकरी झालेल्या त्या मुलाने त्यांच्यासाठी पेटत्या रणगाड्यात बसून राहायचं ठरवलं.

शेवटचा रणगाडा त्याने जेमतेम शंभर मीटरवरून टिपला. त्यानंतर त्याच्या रणगाड्यावर दुसरा गोळा बसला आणि अरुण गेला. पण शत्रूला ती जागा काही ओलांडता आली नाही. तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. अरुणचं वय त्या दिवशी एकवीस वर्षं दोन महिने होतं.

त्या युद्धात चौघांना परमवीर चक्र मिळालं. त्यांतले मेजर होशियार सिंग याच बसंतरच्या लढाईत जरपालला लढले आणि सुदैवाने वाचले. लान्स नाईक अल्बर्ट एक्का पूर्वेच्या आघाडीवर गेले. आणि अरुणच्या दोनच दिवस आधी, १४ डिसेंबरला, श्रीनगरच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों हा लढाऊ विमानाचा तरुण वैमानिक शत्रूच्या विमानांच्या गराड्यात एकटा झुंजत गेला. हवाई दलातला परमवीर चक्राचा तो एकमेव मानकरी. एक आकाशात, एक जमिनीवर, दोघांचीही उमर ती काय!

१७ डिसेंबरला युद्धबंदी झाली. देशभर पेढे वाटले गेले, फटाके फुटले. त्याच दिवशी सांबाजवळ अरुणवर अंत्यसंस्कार झाले. आणि दिल्लीतल्या घरी? घरी काहीच कळलेलं नव्हतं. त्या काळी फोन कुठे होते हाताहातांत! युद्ध संपलं म्हणजे आता मुलगा येणार, अशाच आशेवर आई असणार. हे दिवस मला त्या लढाईपेक्षाही जास्त अस्वस्थ करतात. गल्लीत आनंद चाललेला, आपणही त्यात सामील, आणि आपल्या घरावर काय कोसळलं आहे हे फक्त आपल्यालाच माहीत नाही. मग काही दिवसांनी ती बातमी आली. नंतर अस्थी आल्या. गोल्फच्या काठ्या आणि तो निळा गणवेश घेऊन निघालेला मुलगा काही परत आला नाही.

पुढे अरुणला मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं आणि राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते ते त्याच्या आईने स्वीकारलं. या पदकाची एक गोष्ट आपल्याला, बायकांना, मुद्दाम सांगायला हवी. परमवीर चक्राचं चित्र एका स्त्रीने रेखाटलेलं आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राची सून. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह नावाच्या मुलीने विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ साली लग्न केलं आणि ती सावित्रीबाई खानोलकर झाली. आपले पुराणग्रंथ, आपली संस्कृती तिने अशी आत्मसात केली की जन्माने इथली असलेलीलाही लाजवावं. पदकावर तिने इंद्राचं वज्र कोरलं. दधीची ऋषींनी देवांच्या रक्षणासाठी जिवंतपणी आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं, ही कथा आपण आजीकडून ऐकलेली. आजवर एकवीस जणांना हे पदक मिळालं, त्यांतल्या चौदा जणांना मरणोत्तर. म्हणजे चौदा घरांत ते वज्र आलं तेव्हा हाडामांसाचा माणूस घरात नव्हता.

या गोष्टीला आणखी एक शेवट आहे, आणि तो तीस वर्षांनी घडला. अरुणचे वडील ब्रिगेडियर खेत्रपाल ८१ वर्षांचे झाले होते. मरण्यापूर्वी एकदा आपलं सरगोधा पाहावं, अशी त्यांची इच्छा. माहेरची ओढ फक्त बायकांनाच असते असं थोडंच आहे? २००१ साली ते पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची व्यवस्था ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर या निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी होती. घरच्या सगळ्यांनी म्हाताऱ्या पाहुण्याचं इतकं अगत्याने केलं की त्यांनाही नवल वाटलं. परत निघण्याच्या आदल्या रात्री नासेर यांनी मन मोकळं केलं. १९७१ साली जरपालला १३ लान्सर्सचे रणगाडे घेऊन आपणच होतो, आणि तुमचा मुलगा आपल्याच हातून गेला, असं त्यांनी त्या बापाला सांगितलं. सांगताना अरुणच्या शौर्याबद्दल त्यांना केवढा आदर होता तेही सांगितलं.

कल्पना करा, ज्याच्या घरचं अन्न तीन दिवस खाल्लं, त्यानेच आपला मुलगा मारला. काय वाटलं असेल त्या बापाला! पण ब्रिगेडियर खेत्रपालांनी ना आरडाओरडा केला, ना शाप दिला. ते स्वतः सैनिक होते. समोरचाही आपल्या देशासाठीच लढला, हे त्यांना कळत होतं. दोघांनी एकमेकांना जवळ घेतलं. दुःख तर आयुष्यभराचं होतंच, पण त्या म्हाताऱ्याने मनात वैर ठेवलं नाही. आपण तर बांधावरून, भिंतीवरून, लग्नातल्या मानपानावरून पिढ्यान् पिढ्या अबोला धरतो.

आज अरुणची आठवण देशात ठिकठिकाणी जपलेली आहे. अंदमानातल्या २१ बेटांना २०२३ साली परमवीरांची नावं दिली, त्यांत एक खेत्रपालच्या नावाचं आहे. त्याच्या आयुष्यावर 'इक्कीस' नावाचा हिंदी सिनेमाही निघाला. खडकवासल्याला एनडीएचं जे कवायतीचं मैदान आहे, त्याचं नाव खेत्रपाल परेड ग्राउंड. याच मैदानावरून ३० मे २०२५ ला एनडीएतून मुलींची पहिली तुकडी संचलन करत बाहेर पडली. सतरा मुली! १९७१ साली आईच्या वाट्याला मुलाला निरोप देणं होतं, आता लेकीलाही निरोप द्यावा लागणार आहे. अभिमान वाटतो, आणि खरं सांगायचं तर पोटात गलबलतंही. या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि आपल्या नगरला काय आहे? आपल्या नगरला खुद्द 'फामागुस्ता' आहे. लढाईत तो शत्रूच्या ताब्यात गेला होता, नंतर परत मिळाला. दुरुस्त करून तो आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला आहे. जिथे अरुणचा कोर्स अर्धवट राहिला, तिथेच त्याचा रणगाडा येऊन थांबला. आज तिथे शिकायला येणाऱ्या नव्या मुलांना तो समोर दिसतो. शिवाय आपल्याकडे १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे, देशोदेशीचे रणगाडे तिथे मांडलेले आहेत. बाहेरगावचे लोक गाड्या करून ते पाहायला येतात. आपण मात्र शिर्डी-शिंगणापूरला जाताना पाहुण्यांना ते लांबूनच दाखवतो.

बचत गटांच्या कामासाठी जिल्ह्यातल्या गावांत फिरताना मी पाहते, कितीतरी घरांच्या भिंतीवर फौजी मुलाचा फोटो लावलेला असतो. काही फोटोंना हार असतो. शहीद जवानाचं पार्थिव येतं त्या दिवशी आख्खा तालुका लोटतो, घोषणा होतात, पुढारी येतात, कमान उभी राहते. तेरावा झाला की मंडप उतरतो. त्यानंतर त्या घरातली बाई रेशनच्या रांगेत आपल्यापुढेच उभी असते, पेन्शनच्या कागदासाठी खेटे घालत असते, आणि हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही याची आपल्यात कुजबुज चालते. वीरमाता, वीरपत्नी हे शब्द आपण भाषणात फार सहज वापरतो. सणाच्या दिवशी तिच्या घरी पुरणपोळीचं ताट घेऊन जाणं, तिच्या हाताला सन्मानाने कुंकू लावणं, तिच्या लेकराच्या शाळेची चौकशी करणं, हे मात्र राहून जातं.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या १६ डिसेंबरला एवढं करू या. मुलांना घेऊन रणगाडा संग्रहालय पाहून या आणि अरुण खेत्रपालची गोष्ट त्यांना सांगा. त्याने किती रणगाडे फोडले हे सांगाच, पण तो हाक ऐकून धावला आणि मागच्या माणसांसाठी जागा सोडली नाही, हे जास्त समजावून सांगा. त्याच्या आईची आणि वडिलांचीही गोष्ट सांगा. आणि परत येताना आपल्या गावात, आपल्या गल्लीत जे फौजीचं घर असेल, तिथे घटकाभर जाऊन बसा. चहा घ्या, भिंतीवरच्या फोटोतल्या मुलाचं नाव विचारा. त्याच्याविषयी बोलायला ती माउली कितीतरी दिवस कुणाची तरी वाट पाहत असते.